कमला खान

कमला खान ही अमेरिकेतील मार्व्हल कॉमिक्स या प्रकाशनसंस्थेच्या चित्रकथांमधील एक काल्पनिक महानायिका असून ती ‘मिस मार्व्हल’ या नावाने ओळखली जाते. कराचीहून अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुस्लिम कुटुंबातील ही सोळा वर्षांची शाळकरी मुलगी न्यू जर्सी राज्यातील जर्सी सिटी या शहरात राहते. आपल्या शरीराचा आकार व रूप हवे तसे बदलण्याची शक्ती तिच्या अंगी आहे. संपादक सना अमानत व स्टीव्हन वॅकर, लेखिका जी. विलो विल्सन आणि चित्रकार एड्रियन अल्फोना हे या व्यक्तिरेखेचे निर्माते मानले जातात. तिच्या पोशाखाचे आरेखन जेमी मॅकेल्वी यांचे आहे. स्वतःच्या नावाची स्वतंत्र मालिका लाभलेली ती मार्व्हलची पहिली मुस्लिम महानायिका होय.

‘कमला’ हे नाव मराठी वाचकाला लक्ष्मीचे वाटण्याचा संभव आहे. कथेत मात्र ते ‘परिपूर्णता’ या अर्थाच्या ‘कमाल’ या अरबी शब्दाशी जोडलेले आहे. आपल्यात सतत काहीतरी उणे आहे असे वाटणाऱ्या मुलीचे नावच परिपूर्ण असावे, ही विसंगती लेखिकेने जाणीवपूर्वक वापरली असून पहिल्या मालिकेत कमलाचे वडील तिला या अर्थाची आठवण करून देतात.

निर्मिती व प्रकाशन

सना अमानत या आपल्या बालपणीचे, अमेरिकेत मुस्लिम कुटुंबात वाढतानाचे किस्से सहकारी संपादक वॅकर यांना सांगत असताना या व्यक्तिरेखेची कल्पना पुढे आली. लेखनासाठी विचारणा झालेल्या विल्सन या स्वतः इस्लामचा स्वीकार केलेल्या अमेरिकी लेखिका असून त्यांनी काही वर्षे इजिप्तमध्ये वास्तव्य केले होते. कथेतील घरगुती तपशिलांचा नेमकेपणा या दोघींच्या अनुभवातून आलेला दिसतो.

‘कॅप्टन मार्व्हल’ मालिकेच्या ऑगस्ट २०१३ मधील १४ व्या अंकात कमला गर्दीत ओझरती दिसली व नोव्हेंबरमधील १७ व्या अंकात तिचा परिचय झाला. फेब्रुवारी २०१४ मध्ये ‘मिस मार्व्हल’ ही तिची स्वतंत्र मालिका सुरू झाली. ‘मिस मार्व्हल’ हे नाव नवे नव्हते. कॅरल डॅनव्हर्स ही व्यक्तिरेखा १९७७ पासून ते धारण करीत आली होती आणि २०१२ मध्ये तिने ‘कॅप्टन मार्व्हल’ हे पद घेतल्यावर ते मोकळे झाले होते. कमला ही याच कॅरलची निस्सीम चाहती असल्याने नावाचा हा वारसा कथेच्या दृष्टीनेही स्वाभाविक ठरला.

पहिली मालिका १९ अंकांनंतर २०१५ मध्ये संपली. त्याच वर्षी सुरू झालेली दुसरी मालिका ३८ अंक चालली. फेब्रुवारी २०१९ मध्ये विल्सन यांनी लेखन थांबवले व त्यांच्या जागी सलादिन अहमद आले. त्यांची मालिका २०२१ पर्यंत १८ अंक चालली. आरंभीच्या पाच अंकांचा ‘नो नॉर्मल’ हा संग्रह २०१५ च्या ह्यूगो पुरस्काराचा मानकरी ठरला आणि २०१६ मध्ये फ्रान्समधील आंगुलेम महोत्सवाने सर्वोत्कृष्ट मालिकेचा पुरस्कार देऊन तिचा गौरव केला.

कौटुंबिक पार्श्वभूमी

कमलाचे वडील युसुफ बँकेत नोकरी करतात. आई मुनीबा शिस्तीची व काळजी करणारी आहे, तर थोरला भाऊ आमिर धर्मनिष्ठ असून नोकरीविषयी उदासीन असल्याबद्दल अब्बूंची बोलणी खातो. शाळेतील मैत्रीण नाकिया हिजाब घालते, कमला घालत नाही. दोघींच्या मैत्रीत त्यामुळे काही अडत नाही. उलट नाकियाच्या वडिलांनाच मुलीचा हिजाब पसंत नाही, असा तपशील कथेत येतो. ‘सर्कल क्यू’ या किराणा दुकानात काम करणारा ब्रुनो कॅरेली हा कमलाचा बालमित्र व तिचे गुपित जाणणारा पहिला माणूस होय. कमला फावल्या वेळात अॅव्हेंजर्स या महानायकांवर कथा लिहून त्या चाहत्यांच्या संकेतस्थळावर टाकते.

कथेचे स्थळ हडसन नदीच्या पश्चिम तीरावरील जर्सी सिटी आहे. नदीपलीकडे मॅनहॅटन असून मार्व्हलचे बहुतेक महानायक तेथेच वावरतात. पलीकडच्या उंच इमारती कमलाला आपल्या गावातून दिसतात एवढेच. या शहरात दक्षिण आशियाई वस्ती मोठी आहे आणि तेथील न्यूअर्क अॅव्हेन्यूवरचा ‘इंडिया स्क्वेअर’ हा बाजार न्यू जर्सीतील मराठी कुटुंबांच्याही परिचयाचा आहे.

खान कुटुंबाच्या पूर्वेतिहासाचा एक धागा मुंबईशी जोडलेला आहे. दुसऱ्या मालिकेच्या आठव्या अंकाच्या आरंभी १९४७ सालचा प्रसंग येतो. कमलाचे पणजोबा करीम व पणजी आयेशा हे फाळणीच्या वेळी मुंबई सोडून कराचीकडे निघतात. पुढच्या पिढीत मुनीबा व युसुफ कराचीहून अमेरिकेला जातात. एका शतकाच्या आत कुटुंबाने दोनदा घर बदललेले असल्याने ‘आपण नेमके कुठले’ हा कमलाचा प्रश्न तिच्या एकटीचा राहत नाही. हा प्रसंग अवघ्या काही पानांचा आहे. पण ज्या कथानकात कमलाला आपल्या आदर्शाकडे पाठ फिरवावी लागते त्याच्या प्रारंभीच तो ठेवलेला आहे, हे लक्षणीय होय.

काल्पनिक चरित्र

शक्तीची प्राप्ती

कथेच्या आरंभी कमला घरातून परवानगी न मिळाल्याने रात्री खिडकीवाटे निसटून नदीकाठच्या मेजवानीला जाते. तेथे फळांच्या रसातून तिला नकळत मद्य दिले जाते, तिची टिंगल होते आणि ती रागाने एकटीच घरी परतू लागते. त्याच सुमारास शहरावर टेरिजेन नावाचे धुके पसरते. मार्व्हलच्या विश्वात परग्रहवासी क्री लोकांनी प्राचीन काळी काही मानवांवर प्रयोग केले होते. त्यांच्या वंशजांना ‘इनह्युमन’ म्हणतात व टेरिजेनच्या संपर्काने त्यांच्यातील सुप्त शक्ती जागी होते. कमला अशा वंशातील असल्याचे तिला स्वतःलाही ठाऊक नसते.

बेशुद्धावस्थेत तिला कॅप्टन मार्व्हल, आयर्न मॅन व कॅप्टन अमेरिका यांचे दर्शन होते. कॅप्टन मार्व्हल तिच्याशी उर्दूत बोलते आणि अमीर खुस्रोंच्या काव्यातील ओळी म्हणते. तुला काय व्हायचे आहे, या प्रश्नावर कमला कॅरलसारखे सुंदर, बलवान आणि कमी गुंतागुंतीचे आयुष्य मागते. कोशातून ती बाहेर येते तेव्हा मागितलेले मिळालेले असते: सोनेरी केस, गोरी कांती आणि कॅरलचा जुना, तोकडा पोशाख. पण केस तोंडावर येतात, बूट चावतात आणि पोशाख नको तेथे रुततो. इतक्यात मेजवानीत तिची थट्टा करणारी झोई नदीत पडते. एका जिवाच्या रक्षणाविषयी वडिलांनी सांगितलेले कुराणातील वचन कमलाला आठवते आणि आपला हात अवाढव्य मोठा करून ती झोईला ओंजळीत उचलून घेते.

महानायकांच्या उगमकथा असंख्य आहेत. या कथेचे वेगळेपण असे की शक्ती मिळताच नायिका प्रथम स्वतःलाच हरवून बसते. पुढील दोन अंकांत, दुकानात घुसलेल्या ब्रुनोच्या भावाच्या हातून चुकून सुटलेली गोळी तिला लागते. त्या वेळी ती कॅरलच्या रूपात असते आणि मूळ रूपात परतल्यावरच तिची जखम भरून येते. लोकांना सोनेरी केसांची मिस मार्व्हल अपेक्षित आहे हे जाणूनही त्यानंतर ती आपल्याच चेहऱ्यावर मुखवटा चढवून घराबाहेर पडते. तिचा पोशाखही घरच्याच वस्तूंतून तयार होतो. कपाटात पडून असलेल्या बुर्किनीवर, म्हणजे अंगभर पोहण्याच्या पोशाखावर, ती विजेचे चिन्ह रंगवते. लांब सदरा, पायघोळ विजार व गळ्यातील ओढणीसारखे वस्त्र यांमुळे तो सलवार-कमीझची आठवण करून देतो.

पहिली मालिका

कमलाचा पहिला मोठा शत्रू ‘इन्व्हेंटर’ हा थॉमस एडिसनची प्रतिकृती म्हणून तयार केलेला, पण पाळीव पोपटाचे जनुक मिसळल्याने पक्ष्याचे डोके लाभलेला शास्त्रज्ञ आहे. कल्पना हास्यास्पद असली तरी त्याची योजना तशी नाही. घर सोडून आलेल्या किशोरवयीन मुलांच्या शरीरातील उष्णतेवर तो यंत्रे चालवतो आणि ही मुले त्याच्याकडे स्वेच्छेने आलेली असतात. आपली पिढी जगावर ओझे आहे हे त्यांनी इतक्यांदा ऐकलेले असते की विजेचा साठा बनून तरी उपयोगी पडावे असे त्यांना वाटू लागते. या मुलांची समजूत घालण्यासाठी कमलाला ठोशांपेक्षा बोलण्याचा आधार घ्यावा लागतो. मालिकेतील हा सर्वांत प्रभावी भाग होय.

याच कथानकात, रात्री-अपरात्री बाहेर राहते म्हणून आईवडील कमलाला मशिदीतील शेख अब्दुल्ला यांच्याकडे पाठवतात. तिला व वाचकालाही फटकाऱ्यांची अपेक्षा असते. शेख मात्र, जे करते आहेस ते धैर्याने, प्रामाणिकपणे व करुणेने कर आणि एखादा गुरू शोध, एवढाच सल्ला देतात. लवकरच गटारांमध्ये तिची गाठ वुल्व्हरिनशी पडते. भोवती इनह्युमनांची राणी मेड्युसा हिने पाठवलेला लॉकजॉ हा महाकाय कुत्राही तिचा सोबती होतो.

कुटुंबाच्या ओळखीतला कामरान हा देखणा तरुण स्वतःही इनह्युमन असतो. त्याच्या गोड बोलण्याला भुलून कमला फसवली जाते. त्यात दोष आपलाच असल्याचे तो तिला पटवू पाहतो आणि ती ते नाकारते. मालिकेच्या अखेरीस मॅनहॅटनवर आकाशातून दुसरी पृथ्वी कोसळू लागते तेव्हा कॅरल स्वतः जर्सी सिटीत येते आणि गुरुशिष्येची पहिली भेट जगबुडीच्या दिवशी घडते. त्याच रात्री कमला आईजवळ आपले गुपित उघड करू पाहते. आईला ते आधीच कळलेले असते.

कॅरलशी संघर्ष

२०१५ पासून कमला अॅव्हेंजर्समध्ये सामील झाली. माइल्स मोरालेस हा तरुण स्पायडर-मॅन व नोव्हा हे तिचे समवयस्क सहकारी होते. तिच्या चरित्रातील निर्णायक वळण मात्र २०१६ मधील ‘सिव्हिल वॉर २’ या कथानकाने आणले. युलिसिस नावाच्या तरुणाला भावी घटनांची चाहूल लागते आणि त्याच्या भाकितांवरून गुन्हा घडण्यापूर्वीच संशयिताला पकडावे, असा पक्ष कॅरल घेते. जर्सी सिटीतील स्वयंसेवकांच्या तुकडीवर देखरेख करण्याचे काम ती कमलाकडे सोपवते. कमला आदर्शावरील श्रद्धेपोटी ते स्वीकारते. काहीही न केलेली, तिच्याच शाळेतली मुले कोठडीत डांबली जाऊ लागतात तेव्हाही तिचा नकार लगेच येत नाही.

कोंडलेल्या एका वर्गमित्राला सोडवण्याच्या प्रयत्नात स्फोट होऊन ब्रुनो गंभीर जखमी होतो व त्याच्या शरीराची एक बाजू अधू होते. कमला कॅरलला विरोध करते खरी, पण तोवर उशीर झालेला असतो. ब्रुनो तिच्याशी संबंध तोडून शिक्षणासाठी वकांडा या आफ्रिकेतील काल्पनिक देशात निघून जातो. संशयाच्या आधारे माणसे कोंडण्याचा प्रश्न एका मुस्लिम नायिकेसमोर, तोही तिच्या हातून घडणाऱ्या अन्यायाच्या रूपात उभा केल्याने हे कथानक मूळ ‘सिव्हिल वॉर २’ पेक्षा अधिक टोकदार झाले आहे.

खचलेली कमला काही काळ कराचीला आजीकडे जाते. तेथे ती पाहुणीच ठरते. अमेरिकेत पाकिस्तानी आणि पाकिस्तानात अमेरिकी, असा अनुभव तिला येतो. ‘रेड डॅगर’ हा स्थानिक तरुण रक्षक तिला बजावतो की, परक्या शहराचे प्रश्न एका रात्रीत सुटत नाहीत. परतल्यावर ती अॅव्हेंजर्स सोडून समवयस्कांचा ‘चॅम्पियन्स’ हा गट स्थापन करण्यात पुढाकार घेते.

नंतरचा काळ

सलादिन अहमद यांच्या मालिकेत तिला परग्रहावरील साहसे व वडिलांच्या आजारपणाला तोंड द्यावे लागते. २०२० मधील ‘आउटलॉड’ या कथानकात तिच्या शाळेत घडलेल्या दुर्घटनेनंतर अल्पवयीन महानायकांवर बंदी घालणारा कायदा होतो. दुर्घटनेत जखमी झालेल्या कमलाचेच नाव त्या कायद्याला दिले जाते, हा त्यातला उपरोध.

मे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’च्या २६ व्या अंकात कमलाचा मृत्यू होतो. मेरी जेनचा प्राण वाचवण्यासाठी ती तिचे रूप घेते व शत्रूचा वार स्वतःवर झेलते. या प्रसंगावर वाचकांची मोठी टीका झाली. नायिकेचा मृत्यू तिच्या स्वतःच्या मालिकेत न होता दुसऱ्या नायकाच्या कथेत, त्याच्या दुःखासाठी घडवला गेला हा मुख्य आक्षेप होता. जी मुलगी दुसऱ्या स्त्रीचे रूप टाकून स्वतःच्या चेहऱ्याने जगायला शिकली, तिने दुसऱ्या स्त्रीच्याच रूपात मरावे, हेही अनेकांना खटकले.

हा मृत्यू दोन महिन्यांपेक्षा अधिक टिकला नाही. जुलै २०२३ मधील ‘एक्स-मेन: हेलफायर गाला’ या विशेषांकात एक्स-मेन तिला पुनर्जीवित करतात आणि ती इनह्युमन असण्याबरोबरच जन्मतः म्युटंटही असल्याचे उघड होते. दूरचित्रवाणीवरील कमला म्युटंट असल्याचा उल्लेख आदल्या वर्षीच आला असल्याने हा बदल पडद्याशी जुळवून घेण्यासाठी केला गेला, असे सामान्यतः मानले जाते. त्यानंतरची ‘द न्यू म्युटंट’ ही मालिका साबिर पिरजादा यांच्यासह, पडद्यावर कमला साकारणाऱ्या इमान वेलानी यांनी लिहिली.

शक्ती व मर्यादा

कमला आपले अवयव लांबवू, फुगवू, चपटे वा लहान करू शकते. तिचा आवडता प्रकार म्हणजे मुठी प्रचंड मोठ्या करून प्रहार करणे. संपूर्ण शरीर इमारतीएवढे वाढवणे किंवा बाहुलीएवढे आकसणे तिला शक्य आहे. आकार बदलताना ती ‘एम्बिगन’ असे ओरडते. ‘मोठे करणे’ या अर्थाचा हा शब्द ‘द सिम्पसन्स’ या व्यंगचित्र मालिकेने १९९६ मध्ये विनोदाने घडवला होता. दुसऱ्याचे रूप घेण्याची शक्तीही तिच्याजवळ आहे, परंतु सुरुवातीच्या अनुभवानंतर ती तिचा वापर क्वचितच करते.

जखमा लवकर भरून येणे ही तिची आणखी एक क्षमता आहे. मात्र त्यासाठी तिला मूळ रूपात यावे लागते आणि जखम भरत असताना रूप बदलणे जड जाते. परिणामी, जीव वाचवायचा तर वेषांतर सोडावे लागते. या उपचारानंतर तिला विलक्षण थकवा येतो व भूकही लागते. कथेत ती अनेकदा काहीतरी खाताना दिसते.

उडणे, डोळ्यांतून किरण सोडणे अशा डौलदार शक्तींच्या तुलनेत तिची शक्ती ओबडधोबड आहे. वाढलेले हात, लटपटणारे लांब पाय आणि वेडावाकडा चेहरा अल्फोना यांनी जराही न सजवता रेखाटला आहे. ज्या वयात शरीर आपोआप बदलत असते व त्याची लाज वाटत असते, त्या वयातील मुलीला हीच शक्ती शोभते.

इतर माध्यमांत

२०२० मधील ‘मार्व्हल्स अॅव्हेंजर्स’ या व्हिडिओ गेमच्या कथानकात कमला केंद्रस्थानी असून तिला सँड्रा साद यांनी आवाज दिला. जून २०२२ मध्ये डिस्ने प्लसवर ‘मिस मार्व्हल’ ही सहा भागांची मालिका प्रदर्शित झाली. बिशा के. अली या तिच्या प्रमुख लेखिका होत्या. आईची भूमिका मुंबईच्या झेनोबिया श्रॉफ यांनी, तर वडिलांची मोहन कपूर यांनी केली. फरहान अख्तर व फवाद खान हेही छोट्या भूमिकांत दिसले. कमला व पणजी आयेशा यांना जोडणाऱ्या बांगडीभोवती कथानक फिरते आणि फाळणीच्या रात्रीच्या रेल्वे स्थानकाचा प्रसंग सविस्तर येतो.

या मालिकेत कमलाची शक्ती मात्र बदलण्यात आली. शरीर ताणण्याऐवजी ती प्रकाशाचे घन आकार निर्माण करते. मोठी मूठ दिसते, पण ती जांभळ्या प्रकाशाची असते. पडद्यावर हे दृश्य देखणे ठरले, तरी कमलाच्या शक्तीचा तिच्या देहाशी असलेला संबंध त्यामुळे सुटला, अशी तक्रार मूळ चित्रकथांच्या वाचकांनी केली. वेलानी यांनी नोव्हेंबर २०२३ मधील ‘द मार्व्हल्स’ या चित्रपटातही हीच भूमिका केली.

चित्रकथेबाहेर या व्यक्तिरेखेचा सर्वांत अनपेक्षित वापर जानेवारी २०१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत झाला. शहराच्या बसगाड्यांवर इस्लामविरोधी जाहिराती लागल्या होत्या. काही अज्ञात कार्यकर्त्यांनी त्या जाहिरातींवर कमला खानची चित्रे व द्वेषाला विरोध करणारे संदेश चिकटवून त्या झाकून टाकल्या.